गुडघा गेला, शिट्टी हाती आली

रग्बी लीगचा प्रशिक्षक व्हायचंय, असं कुणी म्हटलं की मी आधी जिम सुलिवनची गोष्ट सांगतो. कार्डिफचा पोरगा. 1921 मध्ये, सतराव्या वर्षी, 750 पौंडांवर विगन या उत्तर इंग्लंडच्या रग्बी लीग क्लबकडे आला. पैसे घेतले म्हणजे पंधरा जणांच्या रग्बी युनियनचे दरवाजे बंद. उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी 1895 मध्ये वेगळी चूल मांडली (तीच पुढे रग्बी लीग झाली) तीच मुळी पैशांवरून: सामन्यापायी कामगारांचा बुडालेला रोज भरून द्यायला युनियन तयार नव्हती.

फुलबॅक, म्हणजे सगळ्यात मागे खेळणाऱ्या सुलिवनने कारकिर्दीत 6,022 गुण केले, बहुतेक सगळे लाथेच्या जोरावर. 1929 ची चॅलेंज कप (रग्बी लीगचा बाद पद्धतीचा चषक) फायनल लंडनच्या वेम्बली मैदानावरची पहिलीच. तिथले पहिले गुण त्याचे. विगनने ड्यूसबरीला 13–2 हरवलं. पुढे प्रशिक्षक म्हणून तो चक्क कट्टर वैरी सेंट हेलेन्सकडे गेला आणि 1956 मध्ये त्यांना त्यांचा पहिला चॅलेंज कप मिळवून दिला. स्कोअर? पुन्हा 13–2!

पण मला हेवा वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. विगनला तो खेळता खेळताच प्रशिक्षक झाला होता. मी मात्र लीड्सला शिकायला आलो, हौशी संघात खेळलो, गुडघा गेला आणि मग शिट्टी हाती आली.

पहिल्या संध्याकाळी नऊ-नऊ वर्षांची बारा पोरं समोर. ‘प्ले द बॉल’ शिकवायचा होता: टॅकल झाल्यावर, म्हणजे समोरच्याने पकडून पाडल्यावर, उठायचं, चेंडू जमिनीवर ठेवायचा, पायाने मागे सरकवायचा. मी झटक्यात करून दाखवलं. एक पोरगी म्हणाली, “परत. हळू.” हळू करायला गेलो तर आधी कुठला पाय टेकतो तेच आठवेना! वर्षानुवर्षं पाय आपोआप करत होता. रात्री स्वयंपाकघरात उशी घेऊन बसलो, कागदावर चार टप्पे लिहिले. बायको दारातून बघत होती. काही बोलली नाही.

कागदपत्रांचं म्हणाल तर लहान मुलांबरोबर काम करायला डीबीएस तपासणी (गुन्हेगारी नोंदींची सरकारी तपासणी) लागते. ती आधी सुरू करा, कोर्स नंतर बघा. आणि नोकरी सोडू नका. मला दोन वर्षं फक्त चहा आणि बिस्किटं मिळाली.

पुढच्या मंगळवारी त्याच पोरीला पुढे बोलावलं. तिने तिसऱ्या टप्प्यावर थांबून विचारलं, “डाव्या पायाने चालेल?” ते मी लिहिलंच नव्हतं.