ग्रीक वीर, राजे आणि तत्त्वज्ञांबद्दल लिहिता-बोलताना या चुका टाळा

वक्तृत्व स्पर्धेचं भाषण असो, शाळेच्या फळ्यावरचा सुविचार असो की सकाळी सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर पडलेला संदेश असो, सिकंदर, सॉक्रेटिस आणि अकिलीस आपल्याला हमखास भेटतात. त्यातल्या निम्म्या गोष्टी त्यांनी केलेल्या नसतात आणि निम्मी वाक्यं त्यांनी उच्चारलेली नसतात. यातल्या बहुतेक चुका एका प्रश्नाने सुटतात: ही गोष्ट पहिल्यांदा लिहिली कुणी, आणि त्या माणसानंतर किती वर्षांनी? पात्राचा काळ आणि सांगणाऱ्याचा काळ वेगळा धरायची सवय लावून घ्या, पुढचं सगळं सोपं जातं.

सगळं होमरच्या माथी मारणं

'इलियडमध्ये लाकडी घोड्याची गोष्ट आहे' हे वाक्य मी छापील पुस्तकांतही वाचलं आहे. इलियड या होमरच्या महाकाव्यात घोडा नाही. ट्रॉयचा पाडावही नाही आणि ग्रीक योद्धा अकिलीसचा मृत्यूही नाही. ग्रीक आणि ट्रॉय यांच्यात दहा वर्षं चाललेल्या युद्धाच्या शेवटच्या वर्षातले थोडे दिवस, अकिलीसचा राग, आणि शेवटी ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याचे अंत्यसंस्कार, इथे ते काव्य संपतं. घोड्याचा उल्लेख होमरच्याच ओडिसीत येतो, तोही जुनी आठवण म्हणून, मुख्यतः राजवाड्यातल्या गायकाच्या तोंडी. आपल्याला माहीत असलेली तपशीलवार गोष्ट, म्हणजे भाला मारून इशारा देणारा पुजारी आणि समुद्रातून आलेले साप, ही व्हर्जिल या रोमन कवीच्या लॅटिन महाकाव्यातली. व्हर्जिल होमरनंतर सहा-सातशे वर्षांनी झाला.

अकिलीसच्या टाचेचंही तसंच. आईने त्याला स्टिक्स नदीत बुडवलं आणि टाच तेवढी कोरडी, म्हणून नाजूक राहिली, ही कथा आज हाती असलेल्या साहित्यात पहिल्यांदा स्पष्टपणे सापडते ती इ.स.च्या पहिल्या शतकात, स्टेशियस या रोमन कवीकडे. होमरचा अकिलीस साध्या माणसासारखा जखमी होतो. इलियडच्या २१व्या सर्गात ॲस्टेरोपियसचा भाला त्याच्या उजव्या हाताला चाटून जातो आणि रक्त येतं. लक्ष्मणरेषा वाल्मीकी रामायणात नाही हे ऐकल्यावर आपल्याकडे जसा धक्का बसतो, तशातलाच हा प्रकार.

जिच्यातून सगळी संकटं जगात पसरली ती पँडोराची पेटी तर आणखी अलीकडची. हेसिअड या प्राचीन ग्रीक कवीच्या मूळ काव्यात धान्य किंवा तेल साठवायचा मोठा रांजण आहे. १६व्या शतकात इरॅस्मस या युरोपीय विद्वानाने लॅटिनमध्ये गोष्ट सांगताना त्याची डबी केली आणि तीच जगभर गेली. 'पँडोराची पेटी' हा वाक्प्रचार खुशाल वापरा. पण हेसिअडचं नाव घेऊन लिहीत असाल, तर रांजण लिहा.

दोन पुस्तकांत दोन गोष्टी सापडल्या की गोंधळून जाणं

एका पुस्तकात मेड्युसा जन्मापासून राक्षसी, दुसऱ्यात ती शाप मिळालेली सुंदर तरुणी. खरी कोणती? प्रश्नच चुकला. हेसिअडकडे ती गॉर्गन नावाच्या तीन राक्षसी बहिणींपैकी एकटी मर्त्य. देवीच्या देवळातल्या अत्याचाराची आणि केसांचे साप होण्याची कथा ओव्हिडची, म्हणजे रोमन. जिच्यासाठी ट्रॉयचं युद्ध झालं त्या हेलनचं उदाहरण याहून मजेदार आहे. होमरकडे ती ट्रॉयमध्ये आहे. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस मात्र इजिप्तच्या पुजाऱ्यांच्या हवाल्याने सांगतो की ती ट्रॉयला पोहोचलीच नाही. नाटककार युरिपिडीसने तर एक अख्खं नाटक यावर लिहिलं: ट्रॉयला गेली ती तिची छाया, खरी हेलन इजिप्तमध्ये नवऱ्याची वाट पाहत बसलेली. खुद्द ग्रीकांनाच एक पक्की आवृत्ती नको होती. तेव्हा 'ग्रीक पुराणानुसार' असं मोघम लिहिण्यापेक्षा 'हेसिअडच्या मते', 'ओव्हिड सांगतो' असं लिहा. अर्धे वाद तिथेच मिटतात.

याच्याच जोडीला नावांची भेसळ. झ्यूस ग्रीक, ज्युपिटर रोमन; हेराक्लीस ग्रीक, हर्क्युलिस रोमन; ओडिसियस ग्रीक, युलिसिस रोमन. एका परिच्छेदात झ्यूसचा मुलगा हर्क्युलिस आला की संपादकाने पेन उचलावं.

सिकंदर: सगळ्यात जास्त चुका इथेच

सुरुवात त्या प्रसिद्ध अखेरच्या इच्छांपासून करू. 'माझे हात शवपेटीबाहेर ठेवा, म्हणजे लोकांना कळेल की सिकंदर रिकाम्या हाताने गेला. माझी शवपेटी वैद्यांनी उचलावी. वाटेवर सोनंनाणं उधळावं.' प्रवचनात ऐकायला गोड आहे. पण ॲरियन, प्लुटार्क, डायोडोरस, कर्टियस, जस्टिन या पाच प्राचीन लेखकांपैकी एकाकडेही हे नाही, आणि सिकंदराचं आज हाती असलेलं सलग प्राचीन चरित्र मुख्यतः या पाचांवरच उभं आहे. उलट डायोडोरसने अंत्ययात्रेचं जे वर्णन केलं आहे ते वाचण्यासारखं आहे: ठोकून घडवलेली सोन्याची शवपेटी, तिच्यात सुगंधी द्रव्यं, वर सोन्याच्या छताचा रथ आणि ओढायला ६४ खेचरं. रथ बांधायलाच सुमारे दोन वर्षं लागली. वाटेत सेनापती टॉलेमीने तो ताब्यात घेतला आणि मृतदेह इजिप्तला नेला, कारण ज्याच्याकडे सिकंदराचा देह त्याचा वारसाहक्क भारी. रिकाम्या हातांच्या गोष्टीपेक्षा ही खरी गोष्ट मला जास्त बोलकी वाटते.

'जिंकायला जग उरलं नाही म्हणून तो रडला' हेही उलटं झालं आहे. प्लुटार्कच्या गोष्टीत ॲनेक्सार्कस नावाचा तत्त्वज्ञ विश्वं अगणित असल्याचं सांगतो. ते ऐकून सिकंदराच्या डोळ्यांत पाणी येतं: जगं अगणित आणि आपण अजून एकाचेही धनी झालो नाही!

आता पंजाबातला राजा पोरस. इ.स.पू. ३२६ मध्ये झेलमच्या काठी झालेल्या लढाईत पोरस जिंकला, असं अलीकडे ठासून सांगितलं जातं. हाती असलेली सगळी ग्रीक आणि रोमन वर्णनं पोरसच्या पराभवाची आहेत, आणि एकाही प्राचीन भारतीय ग्रंथात या लढाईचा उल्लेख नाही. म्हणजे पोरसच्या विजयाला आधार द्यायचा तर आणायचा कुठून? 'ते लेखक पक्षपाती होते' हा आक्षेप योग्य आहे. ॲरियन तर जवळजवळ साडेचारशे वर्षांनंतरचा. पण त्याच्यासमोर मोहिमेत स्वतः असलेल्या टॉलेमी आणि ॲरिस्टोबुलस यांचे वृत्तान्त होते. आणि याच लेखकांनी पोरसचं मोठेपण लपवलेलं नाही. 'तुला कसं वागवू?' या सिकंदराच्या प्रश्नाला 'राजासारखं वागव' हे त्याचं उत्तर त्यांच्यामुळेच आपल्याला माहीत आहे, त्याला राज्य परत दिलं गेलं आणि आणखी प्रदेशही मिळाला, हेही त्यांनीच लिहिलं. प्लुटार्क तर स्पष्ट म्हणतो की पोरसशी झालेल्या झुंजीने मॅसिडोनियन सैन्याची उमेद खचली आणि पुढे बियास नदीवर त्यांनी पाऊल टाकायला नकार दिला. पोरसचा मान राखायला एवढं पुरेसं आहे, निकाल फिरवायची गरज नाही.

चंद्रगुप्ताचं युद्ध सिकंदराशी झालं नाही, ते त्याचा सेनापती सेल्यूकस याच्याशी, वीसेक वर्षांनंतर. तहात सेल्यूकसला ५०० हत्ती मिळाले आणि सोयरिकीचा करारही झाला. पण मालिकांमध्ये चंद्रगुप्ताच्या ग्रीक राणीला दिलेलं 'हेलेना' हे नाव कोणत्याही प्राचीन लेखकाने दिलेलं नाही. तेवढं एक नाव गाळा, बाकी प्रसंग टिकतो.

सुविचार वहीत उतरवण्याआधी

'आपण वारंवार जे करतो तेच आपण असतो. उत्कृष्टता ही कृती नव्हे, सवय आहे.' खाली नाव ॲरिस्टॉटलचं. वाक्य विल ड्युरंट या अमेरिकन लेखकाचं आहे, १९२६ सालचं; ॲरिस्टॉटलचा विचार समजावून सांगताना त्याने ते स्वतःच्या शब्दांत लिहिलं. 'युद्धाचा शेवट फक्त मेलेल्यांनीच पाहिला आहे' हे प्लेटोचं म्हणून फिरतं, आहे जॉर्ज सांतायना या विसाव्या शतकातल्या लेखकाचं, १९२२चं. 'आजकालच्या मुलांना ऐशआराम हवा, ती मोठ्यांचा मान ठेवत नाहीत' हे सॉक्रेटिसचं म्हणून प्रत्येक पालकसभेत ऐकू येतं. ते १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या एका इंग्रज अभ्यासकाच्या प्रबंधातलं आहे. जुन्या ग्रीकांच्या तक्रारींचा त्याने स्वतः मांडलेला तो गोषवारा होता.

तपासायची सोपी खूण सांगतो. प्लेटोचं वाक्य खरं असेल तर त्याला क्रमांक असतो. १५७८ साली छापलेल्या आवृत्तीची पानं आणि त्यातले अ-ब-क असे भाग आजही बहुतेक भाषांतरांच्या समासात दिलेले असतात. 'परीक्षण न केलेलं आयुष्य जगण्यालायक नाही' हे प्लेटोच्या 'अपॉलॉजी'मध्ये ३८व्या पानाच्या पहिल्या भागात आहे, असे क्रमांक दिलेलं कुठल्याही भाषेतलं पुस्तक उघडा, सापडेल. ॲरिस्टॉटलसाठी १८३१च्या बर्लिन आवृत्तीचे क्रमांक वापरतात. ज्या सुविचाराखाली फक्त नाव आहे आणि ग्रंथही नाही, क्रमांकही नाही, तो तूर्त 'अज्ञात' समजा. सॉक्रेटिसच्या बाबतीत तर दुहेरी सावध राहा, कारण त्याने स्वतः काहीच लिहिलं नाही. जे आहे ते प्लेटो आणि झेनोफन या शिष्यांचं, शिवाय ॲरिस्टोफेनिस या विनोदी नाटककाराच्या नाटकातली टिंगल.

त्याच्या मृत्यूबद्दलही दोन गोष्टी. 'अथेन्सच्या राजाने त्याला विष दिलं' असं लिहू नका. इ.स.पू. ३९९ मध्ये अथेन्सला राजा नव्हता, लोकशाही होती आणि शिक्षा नागरिकांच्या न्यायमंडळाने मतदान करून दिली. तो खटला अस्वस्थ करतो तो याचमुळे. आणि मृत्यूच्या वेळी प्लेटो शेजारी बसला होता हे चित्र विसरा. प्लेटोच्याच 'फीडो' या संवादात लिहिलं आहे की त्या दिवशी प्लेटो बहुधा आजारी होता. १७८७ सालच्या प्रसिद्ध फ्रेंच चित्रात तो पायथ्याशी म्हातारा होऊन बसलेला दिसतो. खरा प्लेटो तेव्हा तिशीच्याही आतला होता. ॲरिस्टॉटल तर सॉक्रेटिसनंतर १५ वर्षांनी जन्मला, त्यामुळे त्या दोघांचा संवाद कुठे वाचलात तर लगेच थांबा.

धावणारा फिडिपिडीस आणि तीनशे जण

इराण्यांशी झालेल्या मॅरेथॉनच्या लढाईनंतर रणांगणावरून अथेन्सला धावत येऊन 'आपण जिंकलो' म्हणत प्राण सोडणारा फिडिपिडीस हेरोडोटसला माहीत नाही. त्याचा धावपटू लढाईच्या *आधी* मदत मागायला अथेन्सहून स्पार्टाला जातो, सुमारे २४० किलोमीटर, आणि दुसऱ्या दिवशी पोहोचतो. मरत वगैरे नाही. स्पार्टावाले पौर्णिमेपर्यंत निघू शकत नाही म्हणतात. विजयाची बातमी आणून कोसळणाऱ्या माणसाची गोष्ट पाचशेहून जास्त वर्षांनी प्लुटार्कमध्ये येते, तीही वेगळ्या नावांनी, आणि त्यानंतर लुसियन या लेखकाने तिला ओळखीचं नाव जोडलं. इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंगने १८७९ मध्ये त्यावर कविता केली, १८९६च्या ऑलिंपिकमध्ये शर्यत आली. ४२.१९५ किलोमीटर हा आकडा तर १९०८च्या लंडन ऑलिंपिकचा आहे, ग्रीसचा नाही.

इराणी सैन्याला थर्मोपिलीच्या खिंडीत अडवणाऱ्या लिओनिडास या स्पार्टाच्या राजासोबत फक्त तीनशे जण नव्हते. सुरुवातीला वेगवेगळ्या नगरांचे मिळून सुमारे सात हजार होते. शेवटच्या दिवशीही स्पार्टाच्या तीनशेंबरोबर थेस्पिईचे ७०० आणि थीब्जचे ४०० उरले होते. थेस्पिई हे छोटंसं गाव, त्याने आपली जवळपास सगळी फौज तिथे गमावली, आणि भाषणांत त्याचं नावही येत नाही. आपल्याकडे पावनखिंडीची तुलना थर्मोपिलीशी करायची पद्धत आहे. करा, पण फरक सांगा: बाजीप्रभूंनी महाराज विशाळगडावर पोहोचेपर्यंत खिंड रोखली आणि काम फत्ते झालं. थर्मोपिली पडली, इराणचा राजा झर्क्सिस पुढे गेला आणि त्याने अथेन्स जाळलं.

नाव एक, माणसं दोन

थर्मोपिलीत इराण्यांना वाट दाखवणारा फितूर एफियाल्टिस वेगळा, आणि काही वर्षांनी अथेन्समध्ये लोकशाही सुधारणा करून खून झालेला एफियाल्टिस वेगळा. ट्रॉयच्या युद्धात एजॅक्सही दोन आहेत.

टॉलेमीचा घोळ फार जुना. इजिप्तचा राजा झालेला सिकंदराचा सेनापती इ.स.पू. चौथ्या-तिसऱ्या शतकातला, खगोल आणि भूगोल लिहिणारा टॉलेमी इ.स.च्या दुसऱ्या शतकातला. या दुसऱ्याचा त्या राजघराण्याशी संबंध नाही, तरी मध्ययुगातल्या चित्रकारांनी खगोलशास्त्रज्ञाच्या डोक्यावर मुकुट चढवला. मराठी वाचकाला हा दुसरा टॉलेमी जवळचा. त्याच्या भूगोलात पैठण 'बैठन' म्हणून येतं, आणि तिथला राजा 'सिरो पोलेमायोस' म्हणजे सातवाहन श्री पुळुमावी. स्थानिक इतिहास लिहिताना इथे सेनापती टॉलेमीची तारीख टाकली, तर सातवाहन चारशे वर्षं मागे जातात.

मिनँडरही दोन. एक अथेन्सचा विनोदी नाटककार. दुसरा इ.स.पू. दुसऱ्या शतकातला इंडो-ग्रीक राजा, 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात बौद्ध भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारणारा मिलिंद. डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला नाव दिलं ते या दुसऱ्याचं.

इ.स.पू.चं गणित

आकडा जितका मोठा तितकी घटना जुनी, हे माहीत असूनही हात चुकतो. सिकंदराचा जन्म ३५६, मृत्यू ३२३. वजाबाकी ३३ येते, पण ॲरियन वय ३२ वर्षं ८ महिने देतो, कारण तो जूनमध्ये, वाढदिवसाच्या आधी गेला. शतक सांगताना इ.स.पू. ४९०, म्हणजे मॅरेथॉनच्या लढाईचं साल, हे पाचवं शतक, चौथं नव्हे. आणि इ.स.पू.मधून इ.स.मध्ये येताना एक वजा करा, कारण मध्ये शून्य साल नाही. ४९० आणि २०१० यांची बेरीज २५००, पण प्रत्यक्षात वर्षं होतात २४९९. अथेन्सच्या मॅरेथॉन शर्यतीने लढाईची २५०० वर्षं २०१० साली साजरी केली. हिशेबाने ती २०११ मध्ये भरली.