पीस नदीत शार्कचा मणका कसा शोधावा

मोरीचं कालवण खाणाऱ्याला शार्कचा मणका वेगळा दाखवायला नको. तुकड्याच्या मधोमध असते ती गोल चकती, दोन्ही अंगांनी वाटीसारखी खोलगट. फ्लोरिडातल्या पीस नदीच्या तळाशी तीच चकती मिळते, फक्त काळी, जड आणि लाखो वर्षं जुनी.

तिथे दात ढिगाने मिळतात, मणके मोजके. शार्क जन्मभर हजारो दात गाळतो, पण सांगाडा पडला कूर्चेचा. तो कुजून जातो. मणक्याच्या गाभ्यात कॅल्शियम साठलेलं असतं म्हणून तेवढाच मागे राहतो.

आधी परवाना काढा. सरकारी जागेत दात वेचायला तो लागत नाही, मणक्याला लागतो. गेन्सव्हिलचं फ्लोरिडा नैसर्गिक इतिहास संग्रहालय तो देतं. काठ खणू नका.

तिथला पावसाळाही जूनमध्ये लागतो, तेव्हा नोव्हेंबर ते मे या काळात जा. वॉचुला ते आर्केडिया या पट्ट्यात पाणी कुठे कुठे गुडघ्याएवढंच असतं. मगरींवर लक्ष ठेवा.

पाण्यात उतरलात की लगेच खणू नका. लोखंडी सळई तळात खुपसत चला. नुसती वाळू असेल तर ती गपकन आत जाते. खाली खडी असेल तर करकर वाजते, हाताला कळतं. तिथेच फावडं मारा आणि चाळण पाण्यात हलवा.

आता चाळणीत कॅरमच्या सोंगटीसारखं काही दिसतंय का? खोलगट बाजूवर एकात एक कडी दिसतील. पण खरी ओळख कडेला पटते. चकती आडवी धरा: कडेवर बारीक उभ्या चिरा, नाहीतर दोन-दोनच्या जोडीने चार खाचा दिसल्या तर शार्क. या खाचांत कूर्चेच्या कमानी बसलेल्या असायच्या. कडेला मोडक्या काट्यांचे खुंट किंवा हाडाची जाळी असेल तर तो साध्या माशाचा मणका. असाच एक मी महिनाभर शार्कचा म्हणून मिरवला होता.

मेगालोडॉन या नामशेष महाकाय शार्कच्या मणक्याची आस धरू नका. बेल्जियममध्ये जपलेल्या त्याच्या कण्यातला सर्वांत मोठा मणका 155 मिलिमीटर रुंद आहे. तुमच्या चाळणीत येतील ते बहुधा बोटाच्या पेराएवढे.

घरी आणून उन्हात वाळवू नका, माझा एक तसाच तडकला. ओल्या कापडात गुंडाळून सावलीत हळूहळू सुकू द्या. पुडीवर तारीख आणि जागा त्याच दिवशी लिहा. वर्षाअखेरीस सापडलेल्यांची यादी संग्रहालयाला द्यायची असते.