जॉन मार्शल हार्लन यांच्यावर लिहिताय? या चुका टाळा

पहिली चूक माझीच. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी अमेरिकेचे न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांच्यावर लेख लिहिला. आधी सैनिक, मग राजकारणी, शेवटी ३४ वर्षे सर्वोच्च न्यायालयात. असे आयुष्य लिहायला कुणाला आवडणार नाही! अंक बाहेर पडला आणि आठवड्याभरात एका वाचकाचे पोस्टकार्ड आले. त्यावर एकच ओळ होती: “१९११ साली वारलेला माणूस १९७१ साली निवृत्त कसा झाला?”

झाले होते असे, की हार्लन यांचा नातूही जॉन मार्शल हार्लन, आणि तोही त्याच न्यायालयात न्यायमूर्ती. मी आजोबांच्या चरित्राला नातवाची निवृत्ती चिकटवली होती. छायाचित्रही नातवाचेच छापले होते. ही चूक टाळायची तर आधी जन्मसाल बघा. आजोबा १८३३ चे, नातू १८९९ चा. १९५५ ते १९७१ या काळातला कुठलाही निकाल हाताशी लागला, तर तो नातवाचा. आजोबांच्या फोटोत भलेमोठे टक्कल आणि पैलवानी अंगलट दिसते.

नावाचा घोळ निदान पोस्टकार्डाने सुटतो. त्याहून चिवट गडबड होते ती चरित्र शेवटाकडून लिहिल्याने. काळ्या प्रवाशांना आगगाडीत वेगळे बसवणारा कायदा न्यायालयाने वैध ठरवला त्या १८९६ च्या प्लेसी खटल्यात हार्लन एकटे विरोधात उभे राहिले हे आपल्याला आधीच ठाऊक असते, म्हणून १८६१ साली, उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटले तेव्हाच्या हार्लननाही आपण गुलामांचे कैवारी करून टाकतो. ‘गुलामगिरी नष्ट करण्यासाठी त्यांनी शस्त्र हाती घेतले’ हे वाक्य तपासायला आलेल्या तीन लेखांत तरी मी खोडले आहे.

हार्लन केंटकीचे. वडील जेम्स हार्लन वकील आणि व्हिग पक्षाचे पुढारी. घरात गुलाम होते, पुढे जॉन यांच्याकडेही होते. केंटकीत गुलामगिरी कायदेशीर होती, पण ते राज्य फुटून दक्षिणेला मिळाले नाही. त्यामुळे उत्तरेच्या सैन्यात लढणाऱ्या माणसाच्या घरी गुलाम असणे तिथे नवलाचे नव्हते. १८६१ मध्ये हार्लन यांनी दहावी केंटकी पायदळ पलटण उभी केली ती देश फुटू नये म्हणून. १ जानेवारी १८६३ ची लिंकन यांची मुक्तीची घोषणा केंटकीला लागूच नव्हती, तरी हार्लन यांनी तिला विरोध केला. तेराव्या घटनादुरुस्तीलाही केला. केंटकीतली गुलामगिरी कायद्याने संपली ती ही दुरुस्ती मंजूर झाल्यावर, डिसेंबर १८६५ मध्ये.

आपल्याकडे ही समजूत घट्ट बसायला एक कारण आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या, काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. ती अर्पणपत्रिका मनात असते, आणि उत्तरेचा गणवेश दिसला की आपण प्रत्येकाला त्या पंगतीत बसवतो. १८६५ चे हार्लन त्या पंगतीत बसत नाहीत.

मग बदलले कधी? बहुतेक लेख इथेच अडतात आणि ‘पुढे त्यांचे मतपरिवर्तन झाले’ एवढ्यावर वेळ मारून नेतात. तुमचाही लेख इथे अडला असेल तर १८६४ ते १८७१ ही वर्षे एकेक करून कागदावर मांडा. १८६४ च्या निवडणुकीत हार्लन लिंकन यांच्या विरोधात, मॅक्लेलन यांच्या बाजूने होते. १८६७ मध्ये केंटकीच्या महाधिवक्तापदाची निवडणूक ते हरले. १८६८ मध्ये लिंकन यांच्याच रिपब्लिकन पक्षात गेले. १८७१ मध्ये गव्हर्नरपदासाठी उभे राहिले तेव्हा, गुलामगिरी ही जुलमी व्यवस्था होती आणि ती संपली याचा आनंद आहे, असे ते जाहीर सभेत बोलत होते. विरोधकांनी जुनी भाषणे काढली तेव्हा त्यांचे उत्तर होते: माझ्या बोलण्यात मेळ नसला तरी चालेल, मी बरोबर असलो पाहिजे. ती निवडणूक ते हरले, १८७५ चीही हरले.

यात राजकीय हिशेब नव्हता असे समजू नका. मधल्या वाटेचे सगळे पक्ष मोडले होते, कुठेतरी जायलाच हवे होते. पण त्याच काळात केंटकीत काळ्या माणसांवर टोळ्यांचे हल्ले चालू होते, आणि हार्लन यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. हिशेब आणि हिंसाचार, दोन्ही लिहा. एकच लिहिले तर ते एकतर संत होतात नाहीतर संधिसाधू. आणि तेव्हाचा रिपब्लिकन पक्ष म्हणजे आजचा नव्हे, हे एका वाक्यात सांगून टाका. नाहीतर वाचक मनातल्या मनात टीव्हीवरची भांडणे लावून बसतो.

पदनामांत लोक फार घसरतात. हार्लन जनरल नव्हते, कर्नल होते. १८६३ च्या सुरुवातीला वडील वारले आणि कुटुंब सांभाळायला त्यांनी राजीनामा दिला, म्हणजे युद्धाच्या उरलेल्या दोन वर्षांत ते रणांगणावर नव्हतेच. त्याच वर्षी ते राज्याचे कायदा अधिकारी म्हणून निवडून आले. त्याला आपल्याकडचा ‘महाधिवक्ता’ हा शब्द चालतो. ‘महान्यायवादी’ लिहिले तर केंद्राचे पद होते. आणि ते सरन्यायाधीश कधीच नव्हते. त्यांच्या कारकिर्दीत वेट, फुलर आणि व्हाइट असे तीन सरन्यायाधीश झाले. १८७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष हेझ यांनी त्यांना नेमले, तोवर न्यायाधीशपणाचा अनुभव काय होता? फ्रँकलिन काउंटीत १८५८ पासून एक वर्ष. बस.

आता दौतीची गोष्ट. ती सगळ्यांना आवडते आणि बहुतेक जण चुकीच्या खटल्याला लावतात. हार्लन यांच्याकडे सरन्यायाधीश टेनी यांची दौत होती. काळ्या माणसाला अमेरिकेचे नागरिकत्व असूच शकत नाही, असा १८५७ चा ड्रेड स्कॉट निकाल देणारे हे टेनी. पत्नी माल्विना यांनी म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत येते, की ती दौत हार्लन टेनींच्या नात्यातल्या एका बाईंना देऊन टाकायला निघाले होते, म्हणून माल्विनांनी ती लपवून ठेवली. पुढे एका निकालाविरुद्ध आपले भिन्नमत लिहायला बसलेल्या हार्लन यांची लेखणी काही केल्या पुढे सरकेना. एका रविवारी ते चर्चला गेले असताना माल्विनांनी दौत काढली, घासूनपुसून लख्ख केली, शाईने भरली, टेबलावरच्या बाकीच्या दौती उचलल्या आणि ही एकटी समोर ठेवली. त्यानंतर लिहिणे सुरळीत झाले, असे त्या सांगतात.

हे भिन्नमत १८८३ चे, नागरी हक्क खटल्यांतले. मुक्कामाची हॉटेले, नाटकगृहे, आगगाड्या यांत भेदभावाला बंदी करणारा १८७५ चा कायदा न्यायालयाने आठ विरुद्ध एक असा रद्द केला. तो एक म्हणजे हार्लन. दौत प्लेसीच्या टेबलावर ठेवलीत तर तेरा वर्षांची चूक होते.

प्लेसीतले आकडेही तपासा. हा निकाल आठ विरुद्ध एक नाही, सात विरुद्ध एक आहे. न्यायमूर्ती ब्रूअर यांनी त्यात भागच घेतला नव्हता. लुइझियानात गोऱ्या आणि काळ्या प्रवाशांना वेगळे डबे सक्तीचे करणारा १८९० चा कायदा बहुमताने वैध ठरवला.

प्लेसीतल्या हार्लन यांच्या भिन्नमतातले ‘Our Constitution is color-blind’ हे प्रसिद्ध वाक्य मराठीत आणताना मात्र हात थांबवा. शब्दकोश ‘वर्णांध’ सुचवतो. मराठीत धर्मांध म्हणजे धर्माने आंधळा झालेला. मग ‘आमची राज्यघटना वर्णांध आहे’ हे वाचणाऱ्याला काय वाटेल? नेमके उलटे. शिवाय ‘वर्ण’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चार वर्ण उभे राहतात. ‘रंगांध’ लिहिले तर डोळ्यांचा दोष होतो आणि वाचक दवाखान्यात पोहोचतो. मी ‘रंग पाहत नाही’ असे साधे लिहितो.

खरी गंमत त्याच्या आधीच्या वाक्यात आहे. तिथे हार्लन यांनी जो ‘caste’ शब्द वापरला त्याला मराठीत एकच शब्द आहे: जात. पण भाषांतरात तिथे ‘भेदभाव’, ‘श्रेणी’ असे काहीबाही येते. जणू अमेरिकन न्यायमूर्तीच्या तोंडी जात शोभत नाही. त्यांच्या तोंडी ती होती, तशीच ठेवा: “इथे जात नाही. आमची राज्यघटना रंग पाहत नाही. नागरिकांमधले वर्ग तिला ठाऊक नाहीत आणि खपतही नाहीत.”

आणि एवढेच उद्धृत करून थांबू नका. याच परिच्छेदात वर, गोरा वंश प्रतिष्ठा, शिक्षण, संपत्ती आणि सत्ता यांत देशात वरचढ आहे आणि आपल्या वारशाला जागला तर कायम राहील, असे हार्लन म्हणतात. पुढे चिनी लोकांचा उल्लेख येतो. ज्यांना आपण नागरिकही होऊ देत नाही ते गोऱ्यांच्या डब्यात बसू शकतात आणि काळा नागरिक नाही, असा त्यांचा युक्तिवाद. काळ्या नागरिकाची बाजू त्यांनी चिन्यांना परके ठरवून भक्कम केली. दोन वर्षांनी वाँग किम आर्क खटल्यात, अमेरिकेत जन्मलेला चिनी आईबापांचा मुलगा अमेरिकेचा नागरिक ठरला, तेव्हा हार्लन विरोधातल्या दोघांत होते. आणि १८९९ मध्ये जॉर्जियातल्या रिचमंड काउंटीने काळ्या मुलांचे हायस्कूल बंद केले, गोऱ्या मुलींचे चालू ठेवले, त्यात हस्तक्षेप करायला नकार देणारा एकमताचा निकाल हार्लन यांनीच लिहिला. हा निकाल गाळलेले चरित्र मी परत पाठवतो.

शेवटची चूक श्रेयाची. रंग न पाहणाऱ्या कायद्याची कल्पना हार्लन यांच्या आधी प्लेसीचे वकील अल्बियन टुर्जे यांच्या युक्तिवादात आहे. न्यायदेवता आंधळी दाखवतात, तर तिची लेक असलेल्या कायद्याने निदान रंग तरी पाहू नये, असे त्यांनी लिहिले होते. टुर्जे हेही उत्तरेचे सैनिक, पुढे नॉर्थ कॅरोलिनात न्यायाधीश. लहानपणच्या अपघाताने त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेलेली होती.