जुन्या डिझेल मोटारीतील गळती: आधी उगम, मग पान्हा

जुन्या डिझेल मोटारीखाली तेलाचा डाग जिथे पडतो, नेमक्या त्याच्या वरच गळती असते असे क्वचितच घडते. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून निघालेले तेल इंजिनाच्या अंगावरून ओघळते, धावत्या गाडीच्या वाऱ्याने मागे रेटले जाते आणि चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या, मागच्या कडेवरून टपकते. पाहणाऱ्याला वाटते की क्रँकशाफ्टचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) मागचे ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी कडी, गेले. या एका अंदाजापायी गिअरबॉक्स उतरवला जातो, नवे सील बसते आणि काही दिवसांत डाग पुन्हा हजर होतो. म्हणून पहिले काम सील बदलण्याचे नसून गळतीचा उगम शोधण्याचे आहे.

त्यासाठी थंड इंजिन डिग्रीझरने स्वच्छ धुवून घ्यावे; अल्टरनेटर आणि विजेची जोडणी प्लास्टिकने झाकायला विसरू नये. इंजिन सुकल्यावर गाडी वीसेक किलोमीटर चालवावी आणि टॉर्च घेऊन वरून खाली पाहत यावे. सर्वांत वरची ओली जागा हाच बहुधा उगम असतो. पाझर फारच बारीक असेल, तर संशयाच्या सांध्यावर टाल्कम पावडर भुरभुरावी, म्हणजे तेलाची वाट तिच्यावर उमटते. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा ठेवल्यास द्रव कोणता हेही कळते. काळे आणि दाट ते इंजिन ऑइल, पातळ आणि उग्र वासाचे ते डिझेल, गोडसर वासाचे रंगीत पाणी म्हणजे कूलंट, आणि गंधकासारखा वास आला तर गिअर ऑइल. एसीखालचे स्वच्छ पाणी मात्र गळती नव्हे.

उगम सापडला तरी लगेच सुटा भाग आणायला धावू नये, कारण पुष्कळदा सील निर्दोष असते आणि दोष आतल्या दाबाचा असतो. पिस्टनजवळून निसटणारे वायू ब्रीदरच्या नळीतून बाहेर पडायला हवेत. ही नळी काजळीच्या चिखलाने तुंबली की चेंबरमधला दाब वाढतो आणि तेल सर्वांत कमजोर सांध्यातून वाट काढते. अशा वेळी एक सील बदलले की दुसरे गळू लागते. इंजिन संथ चालत असताना ऑइल भरण्याचे झाकण काढून तोंडावर उलटे ठेवून पाहावे. ते थोडेसे थरथरणे स्वाभाविक आहे. जोराने उडू लागले, तर आधी ब्रीदर साफ करावा आणि तरीही फरक पडला नाही, तर पिस्टन रिंगांची झीज तपासावी.

डिझेल गाडीतील सर्वांत फसवी गळती मात्र डोळ्यांना दिसतच नाही. ज्या जुन्या गाड्यांच्या टाकीत विजेचा पंप नसतो, त्यांत इंजिनावरचा डिझेल पंपच टाकीतून इंधन ओढतो. त्यामुळे टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब असतो, आणि तिथले रबर चिरले की डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘एअर घेते’. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी लांबलचक स्टार्टर मारल्यावरच सुरू होते आणि दिवसभर नीट चालते. पुष्कळ जण याचा दोष बॅटरीला किंवा ग्लो प्लगला (थंड इंजिन सुरू होण्यासाठी आत उष्णता देणाऱ्या प्लगला) देऊन मोकळे होतात. पंपाच्या अलीकडे पारदर्शक इंधन नळीचा तुकडा जोडून बुडबुडे दिसतात का ते पाहावे. पंपाला थेट डिझेलच्या डब्यातून पुरवठा दिल्यावर त्रास थांबला, तर पंप निर्दोष आहे आणि दोष नळीत किंवा फिल्टरपाशी आहे हे नक्की समजावे. मग फिल्टरची ओ-रिंग (गोल रबरी कडी), हँड प्राइमर (हाताने डिझेल चढवण्याचा छोटा पंप), पाणी काढण्याचा स्क्रू आणि नळ्यांच्या क्लिपा क्रमाने तपासाव्यात. नॉझलांना (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोट्यांना) जोडणाऱ्या, उरलेले डिझेल परत नेणाऱ्या बारीक रिटर्न नळ्याही विसरू नयेत. त्या सर्वांत आधी कडक होतात आणि सर्वांत शेवटी आठवतात.

पंपापासून नॉझलपर्यंतच्या धातूच्या नळ्यांत जुन्या इंजिनातही शेकडो बार दाब असतो, आणि कॉमन रेल इंजिनात (ज्यात सर्व नॉझलांना एकाच सामाईक नळीतून डिझेल मिळते) तो 1000 बारच्या वर जातो. या भागातील गळती इंजिन चालू असताना बोटाने कधीही चाचपू नये. त्या दाबाची धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

नवे रबर निवडताना त्याच्या जातीकडे लक्ष द्यावे. नायट्राइल रबर साधारण 100 अंश सेल्सिअसच्या आसपास बरीच वर्षे टिकते, तर व्हायटॉन सुमारे 200 अंश सोसते आणि बायोडिझेल मिसळलेल्या इंधनापुढेही अधिक टिकते. म्हणून डिझेल पंपाच्या सीलसाठी व्हायटॉन मिळत असेल, तर तेच घ्यावे, असे माझे मत आहे.

ऑइल सील काढण्यापूर्वी ते किती खोल बसले आहे हे मोजून ठेवावे आणि शाफ्टवर ओरखडा पडणार नाही अशी काळजी घ्यावी. सीलवरचे आकडे आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये सांगतात. शाफ्टवर नखाला जाणवेल अशी चरी पडली असेल, तर नवे सील त्याच खोलीवर बसवून उपयोग नाही. जागा असल्यास ते किंचित मागेपुढे बसवावे, नाहीतर शाफ्टवर पातळ बाही (स्लीव्ह) चढवावी. स्प्रिंग असलेली कड तेलाच्या बाजूला ठेवून तिला स्वच्छ तेल लावावे. टेफ्लॉनचे सील मात्र बहुधा कोरडेच बसवायचे असते. टॅपेट कव्हरचे बोल्ट आडवे-तिरके, थोडे थोडे कसावेत, कारण जास्त कसले की कॉर्कचे पॅकिंग चिरडून बाहेर येते. सांधा बंद करणारा सिलिकॉनचा लेपही बेतानेच लावावा. आत सुटलेला गोळा ऑइल पंपाच्या जाळीत अडकला, तर गळती परवडली असे म्हणण्याची वेळ येते.

ब्रेकच्या रबरांना इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस कधीही लावू नये. ग्लायकॉलच्या ब्रेक ऑइलसाठी बनवलेले रबर खनिज तेलाने फुगते आणि ब्रेक निकामी होऊ शकतात. गळती थांबवणारी बाटलीबंद द्रव्ये रबर तात्पुरते फुगवतात. लांबचा प्रवास तोंडावर असेल तेव्हा ती चालतील, पण फाटलेल्या सीलला त्यांचा काहीच उपयोग नाही.

डिपस्टिकवरची (तेल मोजण्याच्या पट्टीवरची) पातळी तेल न भरता वाढलेली दिसली, तर आनंद मानू नये. काही इंजिनांत पंपाच्या शाफ्टचे सील गेल्यावर डिझेल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरते. ते ऑइल पातळ होऊन बेअरिंगे झिजतात, आणि पातळी फार चढली तर तेल ब्रीदरमार्गे इनटेकमध्ये ओढले जाऊन इंजिन आपोआप रेस घेत सुटते, जे चावी बंद करूनही थांबत नाही. अशी वाढ दिसताच गाडी सुरू न करता आधी पंपाचे सील दुरुस्त करावे, मग ऑइल आणि फिल्टर बदलून 100 किलोमीटरनंतर पातळी पुन्हा पाहावी.