सोलरच्या आधी पंखे मोजा

सोलरवाला दारात आला की पहिला प्रश्न निघतो, "किती किलोवॅटचं बसवू?" त्याआधी घरातले पंखे मोजा. आपल्याकडे मार्च ते जून पंखा रात्रंदिवस फिरतो. जुना छताचा पंखा साधारण 75 वॅट खातो, बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा नवा पंखा, 30 च्या आसपास. तीन पंखे 12 तास चालले तर जुन्यांना 2.7 युनिट लागतात, नव्यांना 1.1. एक किलोवॅटचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला 4 युनिटच्या आसपास देतं. त्यातले दीड युनिट नुसते पंखे बदलून वाचले!

आणि तापतं ऊन म्हणजे जास्त वीज, हा समज सोडा. पॅनलला उजेड हवा, ताप नको. 25 अंशांच्या वर दर अंशाला त्याची ताकद 0.3 ते 0.4 टक्क्यांनी घटते. मे महिन्यात पारा 45 वर असताना पॅनल 65 पर्यंत तापतं. 12 ते 16 टक्के तिथेच गेले. म्हणून टिनावर पॅनल चिकटवून बसवू देऊ नका. खालून वारा खेळेल अशी वीतभर जागा सोडायलाच लावा, मिस्त्री कितीही घाई करो. तोंड दक्षिणेला, उतार 20 अंशांच्या आसपास.

मळणीच्या दिवसांत काचेवर कुटाराची धूळ बसते. ती पहाटे, काच गार असताना, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर ती तडकू शकते.