तांबड्या मातीवर फ्लॅट ट्रॅक: आधी जमीन, मग गाडी

नोव्हेंबरात गोव्यात वागातोरला रॉयल एन्फिल्डचा मेळा भरतो. तिथं मागचं चाक सरकवत वळणारे बघून जवळच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, तेच करून पाहायची हुक्की येते. ती आवरा. कातळावर पसरलेल्या सुट्या खड्यांवर टायर धरेल की सुटेल याचा काहीच नेम नसतो.

फ्लॅट ट्रॅक म्हणजे मातीचा लांबट गोल. फेरी घड्याळाच्या उलट, त्यामुळे सगळी वळणं डावी. पुढचा ब्रेक नसतो. वेग मोडायचा तो गाडी आडवी घालून.

जागा. किनारा बाद: वाळूवर गाडी घालायला बंदी आहे, शिवाय मोरजीला कासवं अंडी घालतात. भात कापलेली, तांबड्या मातीची मोरड, म्हणजे उंचवट्यावरची, जमीन उत्तम. मालकाची, कोमुनिदादची (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था) असेल तर त्यांची, आणि पंचायतीची परवानगी लेखी घ्या. वळणाची आतली त्रिज्या 10 ते 12 मीटर, दोन वळणांच्या केंद्रांत 40 मीटर, पट्टा 8 मीटर रुंद. बाहेरच्या अंगाला किमान 10 मीटर मोकळं हवं: माड नको, मेर (बांध) नको, चिऱ्यांचं कुंपण नको. आतल्या खुणेला चिरा कधीच ठेवू नका, डावा पाय नेमका तिथूनच जातो. रबरी कोन किंवा रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या पुरतात.

आदल्या संध्याकाळी खडे वेचून पाणी मारा, सकाळी रोलर फिरवा. मूठभर माती दाबून बघा: गोळा टिकला आणि तळवा चिखलला नाही, तर ओल बरोबर. टँकरवाल्याला घाई असते आणि तो एकाच जागी पाणी ओततो. हे चालवून घेऊ नका. कोरड्यावर सरकत आलेलं चाक ओल्या, घट्ट पट्ट्यावर आलं की एकदम धरतं आणि चालक उजवीकडे फेकला जातो. दोन तासांनी चाकोरी गुळगुळीत होऊन चकाकायला लागते आणि बाहेर सुटी माती साठते. थांबा, फळीनं ओढून सारखं करा.

गाडी. 150 ते 200 सीसी पुरे. शर्यतींचा इतिहास मात्र मोठ्या गाड्यांचा. 1975 मध्ये अमेरिकी शर्यतपटू केनी रॉबर्ट्सनं यामाहाच्या टीझेड 750 वर इंडियानापोलिसची मैलाची शर्यत मारली; ते इंजिन इतकं बेफाम होतं की पुढं नियम करूनच त्याची वाट बंद केली. हार्लेची एक्सआर 750 आणि होंडाची आरएस 750 यांची चुरस तर दंतकथाच झाली. 1984 ते 1987 ची चारही अमेरिकी अजिंक्यपदं होंडावाल्यांनी नेली, मग स्कॉट पार्कर हार्लेवर परत जिंकत राहिला. 2017 पासून काही वर्षं इंडियन कंपनीची एफटीआर 750 पुढे होती. पण कंपन्या भांडत राहिल्या तरी जमीन हवीच. लॉस एंजेलिसजवळचं ॲस्कॉट पार्क 1990 मध्ये बंद झालं. आपल्याकडे सड्यांचे प्लॉट पडताना दिसतातच, त्यामुळे भाड्याच्या जागेवर कायमचं काही बांधू नका.

आरसे, इंडिकेटर, स्टँड काढा, काचेवर टेप लावा. पुढचं स्प्रॉकेट एक दात लहान घाला, म्हणजे दुसरा गिअर सोडावा लागत नाही. टायरमध्ये 20 ते 22 पीएसआय हवा. ट्यूबच्या टायरची हवा फार उतरवलीत तर टायर रिमवर फिरतो आणि व्हॉल्व्ह उपटतो. मागे एबीएस असेल तर बंद करा, नाहीतर चाक सरकणारच नाही. पुढचा ब्रेक निकामी केलेली गाडी रस्त्यावर चालवायची नाही, टेम्पोत घालून न्या.

डाव्या बुटाला लोखंडी तळ लागतो. 3 मिमीचा पत्रा बुटाच्या तळव्याबरहुकूम कापून टाचेभोवती पट्टी वेल्ड करा, वर चामडी पट्टा. पुढची कड सेंटीमीटरभर वर वळलेली हवीच. सरळ कड मातीत रुतते आणि गुडघा पिळवटतो.

चालवणं. पहिला दिवस नुसता गोल, पहिल्या गिअरमध्ये. सीटच्या उजव्या कडेला बसा, उजवा गुडघा टाकीला, डावं कोपर वर. गाडी खाली दाबायची, अंग सरळ. डावा पाय पुढं, मातीला नुसता घासता. त्यावर भार टाकलात तर घोटा जातो. नजर वळण जिथं सुटतं तिथं. जमलं की वेग वाढवा: वळणाआधी थ्रॉटल बंद, मागचा ब्रेक हलका, गाडी कलती करा, मागचं चाक बाहेर गेलं की हँडल उजवीकडे आणि थ्रॉटल पुन्हा सावकाश उघडा. चाक बाहेर असताना घाबरून थ्रॉटल पटकन मिटवणं ही सगळ्यात महागडी चूक, कारण टायर अचानक पकड घेतो. डावीकडे नुसतं लोळण घेतलंत तर बहुधा खरचटण्यावर भागतं.

मोठी इजा बऱ्याचदा मागून येणाऱ्या गाडीनं होते. 2016 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सांता रोझात एकाच दिवशी दोन कोवळ्या वयाचे शर्यतपटू गेले. म्हणून एका वेळी चारच गाड्या, दोन्ही वळणांवर झेंडेवाला, आणि पडलेला उठेपर्यंत सगळे थांबलेले. फुल फेस हेल्मेट, पाठीचं चिलखत, मनगटाला किल स्विचची दोरी (पडल्यावर ओढली जाऊन इंजिन बंद करते). 108 ला सांगायला जागेची खूण कागदावर लिहून ठेवा, बांबोळीच्या गोमेकॉला (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ) पोचायला किती वेळ लागतो ते आधीच बघा.

संध्याकाळी एअर फिल्टर उघडा. तांबडी धूळ पिठासारखी बारीक असते. फोम धुऊन, वाळवून, तेल लावून बसवा. थ्रॉटलची नळीही पुसा. सोडल्यावर मूठ आपसूक मिटत नसेल तर गाडी सुरू करू नका.