जुन्या संगणकावर इन्स्टॉलेशन अडते तेव्हा

जुन्या संगणकावर ऑपरेटिंग सिस्टीम बसवताना काम मध्येच बंद पडले, की बहुतेक जण संगणक बंद करून तेच सगळे पुन्हा करून पाहतात. त्याआधी काम नेमके कुठे अडले आणि पडद्यावर कोणता संदेश आला, हे लिहून घ्यावे किंवा मोबाइलवर त्याचा फोटो काढावा, कारण बिघाड कुठे शोधायचा हे बऱ्याच अंशी त्यावरूनच ठरते. दुसरे पथ्य असे, की एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार बदल एकदम केल्यास काम होईलही, पण कशामुळे झाले हे कळणार नाही.

संगणक पेन ड्राइव्हवरून सुरूच होत नसेल, तर पेन ड्राइव्ह कोणत्या पद्धतीने तयार केला आहे ते पाहावे. फक्त जुने बायोस (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) असलेला संगणक केवळ यूईएफआयसाठी, म्हणजे बायोसच्या नव्या पर्यायासाठी, बनवलेल्या पेन ड्राइव्हची दखलच घेत नाही. अशा वेळी रूफससारख्या प्रोग्रॅममध्ये पार्टिशन स्कीम 'एमबीआर' आणि टार्गेट सिस्टीम 'बायोस' निवडून तो पुन्हा तयार करावा. विंडोज ७ च्या मूळ आवृत्तीत यूएसबी ३.० चे ड्रायव्हर नाहीत, त्यामुळे निळ्या पोर्टात लावलेल्या पेन ड्राइव्हवरून सेटअप सुरू होतो आणि मग ड्रायव्हर मागत अडून बसतो. पेन ड्राइव्ह काढून यूएसबी २.० च्या पोर्टात लावला, तर ही तक्रार बहुधा मिटते.

सुरुवातीलाच प्रोसेसरविषयी संदेश आला, तर पुढचे प्रयत्न व्यर्थ असतात. ३२-बिट प्रोसेसरवर ६४-बिट प्रणाली चालत नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) आणि किमान ४ जीबी रॅम लागते आणि तिची ३२-बिट आवृत्तीच नाही, उबंटूनेही १७.१० पासून ३२-बिट डेस्कटॉप आवृत्ती देणे थांबवले. सुरुवातीच्या काही पेंटियम एम प्रोसेसरांची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्यांच्यात पीएई ही (३२-बिट प्रोसेसरला ४ जीबीहून अधिक मेमरी वापरू देणारी) सुविधा असते, पण प्रोसेसर ती जाहीर करत नाही, म्हणून लिनक्सची काही इन्स्टॉलर थांबतात. तिथे बूट पर्यायांत (प्रणाली सुरू होताना तिला द्यायच्या सूचनांत) 'फोर्सपीएई' (forcepae) लिहिल्यास काम पुढे सरकते.

सर्वांत त्रासदायक बिघाड फायली कॉपी होताना होतो, आणि इथे घाई न करता थोडे निरीक्षण करावे. प्रत्येक वेळी त्याच फायलीपाशी किंवा त्याच टक्क्याला काम थांबत असेल, तर पहिला संशय डाउनलोड केलेल्या आयएसओ फायलीवर (जिच्यात सगळे इन्स्टॉलेशन असते) किंवा पेन ड्राइव्हवर घ्यावा. फायलीचा एसएचए-२५६ चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का हे कळण्यासाठी तिच्यावरून काढलेला आकडा) काढून तो अधिकृत संकेतस्थळावर दिलेल्या आकड्यांशी ताडून पाहावा आणि पेन ड्राइव्हही बदलून पाहावा. कधी १२ टक्क्यांवर, कधी ६० टक्क्यांवर आणि दर वेळी वेगळ्याच चुकीने काम थांबत असेल, तर रॅम किंवा वाढलेले तापमान तपासावे. मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम किमान एक पूर्ण फेरी, जमल्यास रात्रभर चालवावा. त्यात एकही चूक दिसली, तर रॅमच्या पट्ट्या काढून, एकेक लावून पुन्हा तपासाव्यात. पंख्यात साठलेली धूळ आणि प्रोसेसरवरची सुकलेली थर्मल पेस्ट यांकडेही याच वेळी लक्ष द्यावे.

हार्ड डिस्कची स्मार्ट माहिती (डिस्कने ठेवलेली स्वतःच्या प्रकृतीची नोंद) वाचताना 'करंट पेंडिंग सेक्टर' हा, म्हणजे नीट वाचता न आलेल्या भागांचा, आकडा शून्याहून अधिक असल्यास त्या डिस्कवर भरवसा ठेवू नये, आणि तिच्यावर कामाचा डेटा असेल तर तो आधी दुसरीकडे काढून घ्यावा. 'यूडीएमए सीआरसी एरर', म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यात डेटा जाताना झालेल्या चुकांचा आकडा, वाढत असेल, तर दोष बहुधा डिस्कचा नसून केबलचा असतो. माझ्या एका जुन्या डेस्कटॉपमध्ये मी दोन संध्याकाळी डिस्कलाच दोष देत होतो. डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल बदलली आणि इन्स्टॉलेशन पहिल्याच प्रयत्नात पूर्ण झाले.

इन्स्टॉलरला डिस्क दिसतच नसेल, तर बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी संवाद साधण्याची पद्धत) 'रेड'वरून 'एएचसीआय' करून पाहावा. मात्र डिस्कवर आधीचे विंडोज ठेवायचे असेल तर थांबावे, कारण पूर्वतयारी न करता मोड बदलल्यास ते सहसा सुरू होत नाही. लिनक्सचा मेन्यू दिसल्यानंतर पडदा काळा होत असेल, तर बूट पर्यायांत 'नोमोडसेट' (nomodeset) लिहावे. तारीख प्रत्येक वेळी मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सेल बदलावा. तो बहुधा ३ व्होल्टचा सीआर२०३२ असतो. चुकीच्या तारखेमुळे सुरक्षित जोडण्या नाकारल्या जातात आणि इंटरनेटवरून पॅकेज घेणारे इन्स्टॉलर अडते, हे अनेकांच्या ध्यानातच येत नाही.

सगळे नीट पार पडूनही डिस्कवरून प्रणाली सुरू झाली नाही, तर आधी पेन ड्राइव्ह काढून बायोसमधील बूट क्रम पाहावा. दोन डिस्क असल्यास बूटलोडर (प्रणाली सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) दुसऱ्याच डिस्कवर गेलेला असू शकतो. अशा वेळी लक्ष्य नसलेल्या डिस्कची केबल काढून पुन्हा इन्स्टॉल करणे हा मला सर्वांत खात्रीचा उपाय वाटतो.